डोहाळेजेवणातला जबाब

ती घटना आठवली नाही असा दिवस अजून उजाडलेला नाही. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीच्या कागदांत तिची नोंद सापडणार नाही. तिला गुन्हा रजिस्टर नंबर नाही, पंचनामा नाही, दोषारोपपत्र नाही. ती घडली तेव्हा मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती आणि मी जर्मनीत, डार्मश्टाटला मुलीकडे राहायला गेलो होतो. तरी मी तिला माझी केस म्हणतो. तपास मी केला, जबाब मी घेतला आणि शेवटी जे झालं त्यातला मोठा वाटाही माझाच. नावं कुणाचीही देणार नाही. त्यातली सगळी माणसं हयात आहेत.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि पोलीस निरीक्षक म्हणून बाहेर पडलो. आमच्या वस्तीतून खाकी अंगावर चढवणारा मी पहिला. खात्याच्या परीक्षांचा अभ्यास बंदोबस्ताच्या मांडवात बसून केला. कुणी बोट धरून वर नेलं नाही. त्यापुढची, उपअधीक्षकाची जागा माझ्या हक्काची होती. ती मिळाली नाही. का मिळाली नाही हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

एका तालुक्याच्या गावी माझ्या हद्दीत एक खासगी प्रसूतिगृह होतं. तिथे मजूर बायकांना मूल मेलेलं जन्मलं असं सांगायचे आणि ते जिवंत मूल दुसऱ्याच बाईच्या नावावर चढवून विकायचे. कागद पक्के होते. जन्मनोंद, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरची सही, सगळं जागच्या जागी. मूल विकत घेतलेल्या एका बाईला मी ठाण्यात बोलावलं. कळा किती तास आल्या, टाके किती पडले, तिला सगळं पाठ होतं. दोन तास बसलो, हाती काही लागेना. तेवढ्यात आमच्या महिला हवालदार चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "डोहाळे कसले लागले होते गं तुला?" बाई गप्प झाली. तिला कळा शिकवल्या होत्या, टाके शिकवले होते, डोहाळे शिकवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खऱ्या आईला हा प्रश्न चाळीस वर्षांनी विचारा, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती चिंच म्हणेल नाहीतर माती म्हणेल. त्या गप्प बसण्यावर केस फुटली.

फुटली, आणि मिटवलीही गेली. डॉक्टर वजनदार होता. माझ्या साहेबांनी तपास काढून घेतला आणि पुराव्याअभावी फाइल बंद केली. मी त्यांच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटला आणि स्टाफच्या समोर त्यांना चोर म्हणालो. माझ्या गोपनीय अहवालात ‘उद्धट, सहकार्य करीत नाही’ असा शेरा पडला आणि मी नियंत्रण कक्षात जाऊन बसलो. तीन आया कित्येक महिने ठाण्याच्या पायऱ्यांवर येऊन बसत होत्या. त्यांची मुलं कुठल्या घरात वाढत आहेत हे मला माहीत होतं. साहेब आता कॉलेजांत सचोटीवर व्याख्यानं देतात.

मुलगी डार्मश्टाटला एका संस्थेत संशोधन करते, जावई सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तिला दिवस गेले तेव्हा तिची आई हयात नव्हती. बाळंतपणाला माहेरचं माणूस हवं, म्हणून दिवस मोजून व्हिसा काढला आणि मीच गेलो. मला वाटलं होतं मी आधार द्यायला चाललोय. तिथे पोचलो तर आधार दोन मजले खाली आधीच राहत होता. ऐंशीच्या घरातली एक बाई. मुलगी तिला ओमा म्हणायची, म्हणजे आजी. ओमा मूळची दक्षिण अमेरिकेतली, नवऱ्याबरोबर जर्मनीत आली त्याला चाळीस वर्षं झाली होती. नवरा गेलेला. मुलीला उलट्या व्हायच्या तेव्हा ही बाई दोन जिने चढून सूप आणून द्यायची. डॉक्टरकडे सोबत जायची. तिचा एकुलता एक मुलगा रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. दर शनिवारी यायचा, पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट वर चढवून द्यायचा, जेवून जायचा.

परदेशात निवृत्त पोलिसाला उद्योग नसतो. मी बाल्कनीत उभा राहून रस्ता बघायचो. तिसऱ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की समोरच्या ट्राम थांब्यावर एक वयस्क बाई उभी असते आणि कुठल्याही ट्राममध्ये चढत नाही. इंजिनिअरची गाडी आली की ती वेळापत्रकाच्या खांबाआड सरकते. तो क्रेट घेऊन आत गेला की निघून जाते. पाळत ठेवायची ही पद्धत फार वाईट. मी खाली उतरलो आणि माझ्या कोर्टकचेरीच्या इंग्रजीत तिला म्हणालो, "बाई, एखाद्या तरी ट्राममध्ये चढा आणि पुढच्या थांब्यावरून परत या. पाचव्या मजल्यावरून दिसताय तुम्ही."

तिचा चेहरा उतरला. मी भारतातला निवृत्त पोलीस अधिकारी आहे असं सांगितल्यावर आणखी उतरला. तिच्या देशात पोलीस बोलायला आला की घरातलं एक माणूस कमी व्हायचं, असं ती नंतर मला म्हणाली. कोपऱ्यावरच्या बेकरीत बसायला तिला तयार करण्यात माझी अर्धी सकाळ गेली.

ती ओमाच्याच देशातली, सत्तरीला टेकलेली, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. तिच्या तरुणपणी तिच्या देशात लष्करानं सत्ता घेतली. माणसं घरातून उचलायचे आणि ती कुठे गेली याचा कागद मागे ठेवायचे नाहीत. तिच्या धाकट्या बहिणीला उचललं तेव्हा बहीण सहा महिन्यांची गरोदर होती. अशा बायकांची बाळंतपणं छावणीतच व्हायची, आईला मारून टाकायचे आणि मूल एखाद्या अधिकाऱ्याच्या घरात द्यायचे. ज्यांच्या घरची माणसं अशी गेली त्या कुटुंबांनी पुढे एकत्र येऊन मुलांचा शोध सुरू केला. तिकडे एक सरकारी केंद्र आहे, तिथे या कुटुंबांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले आहेत. कुणाला आपल्या जन्माबद्दल शंका आली तर त्यानं रक्त द्यायचं, जुळतं का ते बघतात. बाईची आई रक्त देऊन गेली, वडील देऊन गेले. मागे ही एकटी.

छावणीवर काम केलेल्या एका माणसानं कुटुंबांच्या संघटनेला खबर दिली होती. तिथल्या एका अधिकाऱ्याच्या घरी अचानक मूल आलं आणि पुढे ते कुटुंब जर्मनीला निघून गेलं. तो अधिकारी म्हणजे ओमाचा नवरा. मुलाच्या जन्माचा महिना बहिणीच्या दिवसांशी जुळत होता. बाईनं त्या मुलाला दोन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला वकिलाचं. सज्ञान माणसाला जबरदस्तीनं रक्त द्यायला लावता येणार नाही असं तिच्याही वकिलानं सांगितलं होतं. म्हणून ती शनिवारी थांब्यावर उभी राहून नुसता त्याचा चेहरा बघायची. त्याचं कपाळ बहिणीचं आहे, अशी तिची खात्री होती.

मी म्हणालो, तुमची फाइल मला द्या, मी तुम्हाला एक गोष्ट काढून देतो. त्या म्हातारीनं मूल जन्माला घातलंय की नाही, ते. तुमच्या वकिलाला हे जमणार नाही. बदल्यात काय हवं, असं तिनं विचारलं. ती पैशांचं विचारतेय असं वाटून माझं डोकं फिरलं. मी इतक्या मोठ्यानं बोललो की बेकरीतली मुलगी काउंटरच्या बाहेर आली. मग बाईनं पिशवीतून फाइल काढली. मला काय हवं होतं ते आज प्रामाणिकपणे सांगतो. मला एक केस पुरी करायची होती.

मुलीला सातवा सरत आला होता. तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी रविवारी दुपारी तिचं डोहाळेजेवण ठरवलं. ओमाला तसंही बोलावणार होतेच. मी फक्त मंडळातल्या एका खमक्या वहिनींना सांगितलं की ओटी भरण्याआधी प्रत्येक बाईनं आपले डोहाळे सांगायचे, आमच्याकडे तशी पद्धत आहे. आमच्याकडे अशी काही पद्धत नाही. मुलीला मी यातलं काहीही सांगितलं नाही.

तथागतांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने. ओमा खुर्चीवर बसून मुलीच्या हातातला गजरा नीट करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

"काका, पुरुषांना बंदी आहे इथे," वहिनी म्हणाल्या.

"मी बंदोबस्ताला आहे."

"मग पोलिसांसारखे उभे राहा. तिकडे तोंड करून."

बायका हसल्या आणि डोहाळे सुरू झाले. एकीला पोळीचे करपलेले पापुद्रे लागायचे. एक मुलगी ब्रेझेल नावाच्या जर्मन पावावरचं जाडं मीठ तेवढं चाटायची आणि ब्रेझेल नवऱ्याच्या डब्यात घालायची. वहिनींना पाटीवरची पेन्सिल लागायची. ती जर्मनीत कुठून मिळणार, म्हणून आईनं पुण्याहून दोन पुडे पाठवले, तर कस्टमवाल्यानं विचारलं, शाळा काढताय का? शेजारची जर्मन बाई म्हणाली, बरणीतल्या खारवलेल्या काकड्या, आणि बरणीतलं पाणीसुद्धा. मुलगी मराठीचं जर्मन आणि जर्मनचं मराठी करून सांगत होती. मग ती वळून म्हणाली, "ओमा, आणि तुला काय खावंसं वाटायचं?"

ओमानं ताटाकडे पाहिलं. तिला काहीही सांगता आलं असतं. मला काहीच होत नव्हतं, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. पुष्कळ बायकांना काहीच होत नाही. पण तीही गप्प बसली. तिनं मान वर केली ती मुलीकडे बघायला नाही, माझ्याकडे. नंतर ताट बाजूला ठेवलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरून गेली. दमली असेल बिचारी, असं बायका म्हणाल्या. मला माझं उत्तर मिळालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती वर आली. जावई कामावर गेले होते. तिनं कोट घातला होता, कचेरीत जायचं असावं तसा. जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर बसली आणि मुलीला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली.

मुलीनं सांगितलं, "बाबा, ओमा म्हणतेय, तिचा नवरापण असाच होता. आधी खायला घालायचा, मग विचारायचा." आणि मग स्वतःचं, "म्हणजे काय? तुम्ही काय विचारलंत तिला?"

"तू फक्त भाषांतर कर."

"करते. पण नंतर मला सगळं सांगायचं."

मी हजारभर जबाब घेतले असतील. पोटच्या मुलीच्या तोंडून घेतलेला हा एकच. ओमा जे बोलायची ते मुलगी तसंच्या तसं, मी-मला करत सांगत होती. ‘मला तीन महिने पोटावर उशी बांधायला लावली. शेजारणी विचारायच्या. नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं, कुणी काही विचारलं तर मला काहीच होत नाही, असं म्हण.’ इथे मी तिला थांबवलं. हे उत्तर तयार होतं तर काल का दिलं नाही, असं विचारायला सांगितलं. ओमा मुलीकडे बघून बोलली आणि मुलीनं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती म्हणते, काल तेच सांगता आलं असतं. तिला माझ्या पोटासमोर सांगवलं नाही."

म्हणजे माझी युक्ती चाललीच नव्हती. जुन्या केसमधली बाई शिकवणी अपुरी पडली म्हणून गप्प बसली होती. ही बाई माझ्या मुलीवरच्या मायेमुळे गप्प बसली होती. मी ते तेव्हा बाजूला सारलं. जबाब चालू होता.

नवऱ्यानं मूल गाडीतून आणलं, दवाखान्याच्या चादरीत गुंडाळून. चार-पाच दिवसांचं होतं. बाटली तोंडात घेईना. छातीशी तोंड नेऊन शोधायचं. त्यावरून तिला कळलं की याला कुणीतरी अंगावर पाजत होतं. आई कुठे आहे, असं तिनं एकदाच विचारलं. नवरा म्हणाला, आता नाही. त्यानंतर तो मरेपर्यंत तिनं परत विचारलं नाही. विचारलं असतं तर मूल परत न्यावं लागलं असतं, आणि कुणाकडे न्यायचं हेही कळलं असतं, असं ती म्हणाली. नाव तिला माहीत नव्हतं. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. पुढचं सगळं तिनं एका सुरात सांगितलं.

मग सौदा. मी म्हणालो, हे तुम्ही स्वतः मुलाला सांगायचं आणि रक्त द्यायला लावायचं. मी कुठल्याही सरकारी दारात जाणार नाही. ओमा कबूल झाली, फक्त दोन महिने मागितले. मुलीचं बाळ होईपर्यंत.

"ती म्हणते," मुलगी म्हणाली, "एक तरी मूल मला न चोरता हातात घेऊ दे."

मुदत मागणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले होते. मुदत दिली की साक्षीदार फिरतात, कागद जळतात, माणूस आजारी पडतो. मी म्हणालो, पंधरा दिवस. ती एक महिन्यावर आली. मी म्हणालो, पंधरा, नाहीतर सोळाव्या दिवशी थांब्यावरची बाई तुमची घंटा वाजवेल. तिनं मान डोलावली. घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही, हे मी त्या दिवसापर्यंत अभिमानानं सांगायचो.

ती गेल्यावर मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, ते माझं डोहाळेजेवण होतं." त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली, तेही निम्मं जर्मनमध्ये.

त्याच संध्याकाळी मी थांब्यावरच्या बाईला फोन केला आणि म्हणालो, मुलगा तुमचाच. इथे माझी खरी चूक झाली, आणि ती अशी चूक आहे की पोलिसाशिवाय दुसरा कुणी करणार नाही. चोरीचा मुद्देमाल हाती आला आणि फिर्यादी दारात उभा असला, की आम्ही दोघांची गाठ घालून देतो. साखळी सापडली, साखळी हरवलेली बाई समोर आहे, तीच तिची. तीच साखळी कशावरून, हे विचारायला वेळ नसतो. ओमानं मूल जन्माला घातलं नव्हतं एवढंच मी सिद्ध केलं होतं. बाकीचं मी माझ्या मनानं जोडलं. बाई फोनवर रडली नाही. तिनं विचारलं, तुम्हाला पक्कं माहीत आहे? मी म्हणालो, चौतीस वर्षं हेच केलंय.

ओमानं शब्द पाळला. पंधराव्या दिवशी इंजिनिअर आमच्या दारात आला. उंच, पन्नाशीकडे झुकलेला, हात कोटाच्या खिशात. इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. तो ओरडला नाही. त्यानं विचारलं, तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं? मला आई आहे, मी कुणाकडे तक्रार दिली होती? त्याचा शांतपणा मला सोसला नाही. मी चढ्या आवाजात म्हणालो की चोरलेलं मूल मोठं झालं म्हणून चोरी मिटत नाही.

तो म्हणाला, "ठीक आहे. मग माझं माणूस दाखवा."

मी म्हणालो, रक्त दे, दाखवतो.

त्या आठवड्यात फ्रँकफर्टला त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासात जाऊन त्यानं नमुना दिला. ओमाला त्यानं रेगेन्सबर्गजवळच्या वृद्धांच्या देखभाल केंद्रात नेऊन ठेवलं. ती आजारी पडली होती आणि घराचे जिने चढणं तिला जमणार नव्हतं, असं कारण सांगितलं. ते खरंही होतं. माझा व्हिसा संपायच्या नऊ दिवस आधी नात झाली. मुलीनं ओमाला फोटो पाठवला. उत्तर आलं नाही.

पाच महिन्यांनी मी भारतात घरी असताना थांब्यावरच्या बाईचा फोन आला. रक्त जुळलं नव्हतं. तो तिच्या बहिणीचा मुलगा नव्हता. मी काहीतरी बोलायला लागलो, प्रयोगशाळेत चुका होतात वगैरे. तिनं मला बोलू दिलं आणि मग म्हणाली की ज्या मुलांवर तिचा संशय होता त्यांच्या यादीत हा शेवटचा होता. "मी दोन वर्षं त्याचं कपाळ बघत होते," ती म्हणाली. "आता बहिणीचं कपाळ आठवायला गेलं की त्याचंच दिसतं. तेवढंही राहिलं नाही माझ्याकडे." तिनं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. शोध चालू ठेवणार का, असं मी विचारलं. ती म्हणाली, कुठे?

पण निकालाची दुसरी ओळ मला पुढच्या उन्हाळ्यात कळली. नातीच्या वाढदिवसाला गेलो होतो तेव्हा इंजिनिअरचा निरोप आला, येऊन जा. मुलगी म्हणाली, तुमचं तुम्ही जा. मी एकटा रेगेन्सबर्गला गेलो. त्यानं स्टेशनवर घ्यायला येऊन मला घरी नेलं, कॉफी केली आणि कागद पुढे ठेवला. केंद्रात जपलेल्या सगळ्या कुटुंबांशी त्याचं रक्त ताडून पाहिलं होतं. एकाशीही जुळलं नव्हतं.

याचा अर्थ मला पोलीस म्हणून लगेच कळला. तो कुणाचा तरी चोरलेला होता यात शंका नव्हती, ओमाचा जबाब होता. पण त्याला शोधणारं कुणी नव्हतं. कदाचित त्याच्या आईबरोबर अख्खं घरच उचललं असेल. कदाचित तिला दिवस गेले आहेत हे घरी कुणाला माहीतच नसेल. कदाचित माहीत असलेली माणसं इतकी गरीब, इतकी लांबच्या खेड्यातली असतील की रक्त कुठे द्यायचं हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. ही तिन्ही कारणं त्यानं माझ्याआधी शोधून ठेवली होती.

तो दर रविवारी ओमाकडे जातो. दोघं खिडकीशी बसतात. पूर्वी ती त्याला लहानपणाच्या गोष्टी सांगायची, आता सांगत नाही, कारण कुठलीही गोष्ट सुरू केली की ती पहिल्या पाच दिवसांशी येऊन अडते. तो तिला आईच म्हणतो. "दुसरं काय म्हणू?" त्यानं मला विचारलं. थांब्यावरच्या बाईला त्यानं कॉफीला बोलावलं होतं. तिनं कळवलं, नको, तुम्हाला बघणं मला सोसणार नाही.

साहेबांवरचा माझा राग या प्रकरणानं कमी झालेला नाही. उलट वाढला आहे. त्या तीन बाळांच्या आया ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या होत्या, आणि तरी आम्ही मुलं परत दिली नाहीत. इथे मी द्यायला निघालो तर घ्यायला कुणी नव्हतं. मी असं धरून चाललो होतो की प्रत्येक चोरलेल्या मुलामागे कुणीतरी रडत उभं असतंच. पोलिसाचं सगळं काम या समजुतीवर उभं असतं. आधी फिर्याद येते, मग आम्ही उठतो. कुणीच फिर्याद दिली नाही तर गुन्हा झाला नाही असं होत नाही, एवढी साधी गोष्ट मला पंचाहत्तर किलो वजनाचा, केस पिकलेला मुद्देमाल समोर बसला तेव्हा कळली. आणि ओमाला दोन महिने द्यायला हवे होते. त्यानं कुणाचंही काही बिघडलं नसतं.

निघताना त्यानं विचारलं, तुमच्याकडे असं मूल सापडलं, ज्याची कुणी तक्रारच दिलेली नाही, तर तुम्ही काय करता?

मी त्याला पद्धत सांगितली. आसपासच्या ठाण्यांना संदेश पाठवतो. फोटो छापतो. दवाखान्यांत चौकशी करतो. कुणी आलं नाही की मुलाला बालगृहात ठेवतो आणि कागद वरिष्ठांकडे पाठवतो.

"आणि किती थांबता?" तो म्हणाला. "मला एक आकडा सांगा. वर्षं, महिने, काहीही. म्हणजे मी तेवढी वाट पाहीन आणि मग पाहणार नाही."

आयुष्यभर मी लोकांना आकडे सांगत आलो. पंधरा दिवस, एक महिना, उद्या सकाळपर्यंत. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी निकालाच्या कागदाची घडी घालून त्याच्याकडे सरकवली. त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि मला स्टेशनवर सोडलं.